चढावर गाडी दम का टाकते?

प्रश्न : माझी पेट्रोल कार सपाटीला ठीक चालते, पण अलिबागहून पेणला जाताना कार्लेखिंडीच्या चढावर ओढत नाही, आचके देते. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. पंप बदलू का?
— एक वाचक, रेवदंडा

उत्तर : लगेच नको. लक्षणे इंधनाचा दाब कमी पडत असल्याची आहेत, पण आधी दाब मोजून घ्या. चावी 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू आली, तर पंप फिरतो आहे एवढेच कळते.

मेकॅनिककडून फ्युएल रेलवर प्रेशर गेज लावून घ्या. साध्या इंजेक्शन इंजिनात दाब बहुधा 3 ते 4 बार असतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. गेज लावूनच इंजिनावर भार द्या. दाब तेव्हाच पडला, तर फिल्टर किंवा टाकीतली जाळी तुंबली असेल किंवा पंप थकला असेल. इंजिन बंद केल्यावर काटा झरझर उतरला, तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टर गळतो आहे. सकाळच्या त्रासाचे मूळ बहुतेक तिथेच आहे.

खाऱ्या हवेत पंपाचा कनेक्टर आणि अर्थिंग गंजते. पंपाला बॅटरीइतका व्होल्टेज मिळत नसेल, तर नवा पंपही तसाच रडेल. दाब योग्य निघाला, तर इग्निशन कॉइल आणि प्लग तपासा.

पाइप सोडण्यापूर्वी दाब उतरवा, आणि हे काम घरी करू नका.