सायलेन्सर फुटलाय: ठिगळ मारायचं की पाईप बदलायचा?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या डिझेल ट्रकच्या सायलेन्सर लाईनचं काम बघितलं. ज्यांना गॅरेज किंवा वेल्डिंगचं दुकान टाकायचंय, त्यांच्यासाठी मुद्दे इथे लिहून देतोय. वहीत उतरवून घ्या.

आपल्याकडे हे काम इतकं का येतं?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची खारी हवा, मासळीच्या गाडीतून टपकणारं खारं पाणी आणि चार महिन्यांचा पाऊस. हे तिन्ही बाहेरून लोखंड खातात. आतून वेगळाच मार बसतो. डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होते. गाडी बंदराजवळ छोट्या फेऱ्या मारत असेल तर पाईप पुरेसा तापत नाही, वाफेचं पाणी आतच राहतं आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणून बाहेरून बरा दिसणारा पाईप हातात घेतला की चुरा होतो.

ग्राहकाला धोका समजावून सांगा

ग्राहक म्हणणार, "सध्या चलता तसां करून दी रे, मगे बघूया." त्याला वाटतं प्रश्न फक्त आवाजाचा आहे. तसं नाही.

गळणारा धूर केबिनमध्ये शिरतो. डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. रात्री मासळी भरून आंबोली किंवा करूळ घाट चढणाऱ्या ड्रायव्हरला हे परवडणारं नाही. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 सालीच जाहीर केलंय.

टर्बोच्या आधी गळती असेल तर गाडीची ओढ कमी होते, काळा धूर येतो, डिझेल जास्त जातं. शिवाय 8 वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी पासिंग आहे. फुटका सायलेन्सर तिथे अडतो.

आधी गळती शोधा, मग रॉड पेटवा

1. इंजिन गार असतानाच काम सुरू करा. गाडीखाली जाण्याआधी चाकांना उटी लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड द्या.
2. काळी काजळी कुठे उमटलीय ते बघा. मॅनिफोल्ड, फ्लँज, जाळीचा फ्लेक्सिबल पाईप, सायलेन्सरची शिवण, या क्रमाने जा.
3. गाडी मोकळ्या जागेत सुरू करा. गार इंजिनला फट-फट आवाज येतो आणि तापल्यावर कमी होतो, तर बहुतेक मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलंय किंवा बारीक तडा आहे.
4. भोकाच्या आजूबाजूला हलक्या हातोडीने ठोका. चांगलं लोखंड टणटणीत वाजतं, सडलेलं थपथप करतं.

या चौथ्या पायरीवरच निर्णय होतो. बाजूचं लोखंड टणक असेल तर ठिगळ टिकेल. सडलेलं असेल तर वेल्डिंगची कड धरणारच नाही, एक भोक बुजवाल आणि शेजारी दुसरं पडेल. तिथे चांगल्या लोखंडापर्यंत कापा आणि नवा तुकडा घाला. नव्या पाईपचा व्यास मूळ पाईपपेक्षा कमी ठेवू नका, धूर कोंडतो. नळाला लावतात ती पुट्टी इथे उष्णतेने जळून पडते.

पाईप का तुटला?

पुष्कळदा पाईप गंजाने नाही, लटकल्यामुळे तुटतो. हँगरचं रबर गेलेलं असतं, क्लॅम्प सुटलेला असतो. तो न बदलता जोड मारलात तर जोड परत तुटणार. फ्लेक्सिबल पाईपच्या जागी सरळ पाईप वेल्ड करून पैसे वाचवू नका. इंजिनचा हादरा मग थेट मॅनिफोल्डवर जातो आणि बिडाचा मॅनिफोल्ड तडकतो. बिडाचं वेल्डिंग वेगळं कसब आहे, येत नसेल तर जाणकाराकडे पाठवा.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या जवळच लावा. डिझेलचा पाईप, ब्रेकची हवेची नळी, वायरिंग बाजूला घ्या किंवा झाका. पाण्याचा जीआय पाईप वापरू नका, त्याच्या जस्ताच्या धुराने वेल्डरला ताप येतो.

आता धंद्याचं गणित

समजा ठिगळाचे 600 रुपये आणि नव्या तुकड्याचे, क्लॅम्प-रबरसकट, 3,500. ठिगळ दोन महिने टिकलं तर वर्षात सहा वेळा, म्हणजे 3,600 रुपये. वर प्रत्येक वेळी गाडी उभी राहणार, फेरी बुडणार ती वेगळीच. हे गणित कागदावर लिहून ग्राहकाच्या हातात द्या. काढलेला सडका तुकडाही दाखवा. दहा मिनिटं बोलून जे पटणार नाही ते तो तुकडा पटवतो.

मग निर्णय त्याचा. पैशाची अडचण असेल आणि लोखंड टणक असेल, तर ठिगळ मारा, पण बिलावर "तात्पुरतं काम" असं लिहा. धूर केबिनमध्ये जातोय आणि लोखंड सडलंय, तर 600 रुपयांवर पाणी सोडा. तुमच्या ठिगळाच्या भरवशावर कुणीतरी रात्री घाट चढणार आहे. आणि "हा पोरगा नको ते काम घेत नाही," हे गावात पसरलं की त्याची किंमत 600 पेक्षा मोठी असते.

हंगाम ओळखा

जून-जुलैत मासेमारी बंद असते, पावसात चिऱ्याच्या खाणीही थंड असतात. गाड्या उभ्या असतात. तेव्हाच मालकांना फोन करा, लाईन फुकट तपासून द्या. नारळी पौर्णिमेनंतर गाड्या धावायला लागल्या की कुणाला वेळ नसतो.

गृहपाठ: तुमच्या गावातल्या पाच जुन्या ट्रकच्या मालकांना विचारा, गेल्या वर्षी सायलेन्सरवर किती खर्च झाला आणि किती दिवस गाडी उभी राहिली? दुकानाचा बोर्ड रंगवण्याआधी हे दोन आकडे तुमच्या वहीत पाहिजेत.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!