स्कॅन अडकला म्हणून साइट बाधित ठरत नाही

सुरक्षा स्कॅन पूर्ण न होणं वेगळं आणि स्कॅनमध्ये काही सापडणं वेगळं. हे मी हल्ली भेटेल त्याला सांगतो, कारण आमच्या होस्टिंग कंपनीने या दोन गोष्टी एकच असल्याचं भासवून आमच्याकडून साफसफाईचे पैसे काढायचा प्रयत्न केला. वर निष्काळजीपणाचा ठपकाही आमच्यावरच ठेवला. कंपनीचं नाव लिहीत नाही. पण जे झालं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि फोटोंनी भरलेली साइट चालवणाऱ्या इतरांना त्याचा उपयोगही होईल.

आमची साइट गडकिल्ल्यांच्या फोटोंची. तटबंदी, पाण्याची टाकी, शिलालेख, वीरगळ, तोफा, चोरदरवाजे, असं गटातल्या लोकांनी वर्षानुवर्षं पायपीट करून टिपलेलं सगळं तिथे आहे. जाहिराती नाहीत, विक्री नाही, खर्च वर्गणीतून. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले 11 महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. त्यानंतर आमच्याकडे वर्दळ वाढली, म्हणून आम्ही या बाराही किल्ल्यांची दालनं नव्याने भरली आणि फोटो मूळ आकारात चढवले. तेव्हापासून साइटवर लावलेल्या वर्डफेन्स या सुरक्षा प्लगइनचा स्कॅन लटकायला लागला. कधी ‘बराच वेळ काही हालचाल नाही, स्कॅन फसलेला दिसतो’ अशा अर्थाचा संदेश, तर कधी तीन तासांची मुदत संपली म्हणून स्कॅन थांबवल्याचा.

होस्टिंग कंपनीच्या सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर आलं की स्कॅन अडकतोय म्हणजे मालवेअर खोलवर लपलंय, हाय सेन्सिटिव्हिटी लावून बघा. लावलं, तर स्कॅन आणखी लवकर मान टाकू लागला. दोन दिवसांनी त्यांचं मेल आलं. त्यांच्या स्वतःच्या स्कॅनरला आमच्या खात्यात ‘संशयास्पद’ फाइल्स सापडल्या होत्या. सोबत यादी, सफाईच्या पॅकेजचा दर आणि दोन दिवसांत ते घेतलं नाही तर खातं बंद करण्याची ताकीद. यादीतल्या सगळ्याच्या सगळ्या फाइल्स फोटो होत्या. एकही पीएचपी फाइल नाही.

मी फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता, पण त्याला एकच गोष्ट पढवलेली होती.

‘फाइलमध्ये नेमकं काय सापडलं?’

‘सर, तुमची साइट इन्फेक्टेड आहे.’

‘कुठल्या ओळीत? कुठल्या प्रकारचं मालवेअर?’

‘ते टेक्निकल टीमला विचारावं लागेल सर. तोवर पॅकेज घेऊन टाका. उद्या अकाउंट सस्पेंड झालं तर आमच्या हातात काही नाही.’

या मुलावर माझा राग नाही. राग आहे तो ज्यांनी त्याच्या हाती हे वाक्य दिलं त्यांच्यावर. गटातल्या एक काकू, निवृत्त शिक्षिका, हे ऐकून इतक्या घाबरल्या की आपल्याच फोटोंमुळे साइट बिघडली असं त्यांना वाटायला लागलं. ‘माझे सगळे फोटो काढून टाक रे,’ म्हणाल्या. साल्हेरच्या वाटेवर गुडघे दुखत असताना काढलेले फोटो. ते ऐकल्यावर मात्र मी ठरवलं की पैसे भरायचे नाहीत, फाइल उघडून बघायची.

यादीतला पहिलाच फोटो राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्याचा होता. तो उतरवून घेतला आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडला. फोटो असा उघडला की बहुतेक अगम्य चिन्हांचा कचराच दिसतो, पण सुरुवातीच्या भागात वाचता येण्याजोग्या ओळी असतात. कॅमेऱ्याचं नाव होतं, तारीख होती, आणि त्यानंतर ‘लहान आहे’चं चिन्ह, त्याला चिकटून प्रश्नचिन्ह आणि पुढे ‘एक्सपॅकेट बिगिन’. तिथेच सगळा उलगडा झाला. ही एक्सएमपी माहितीच्या पाकिटाची सुरुवात. लाइटरूम आणि फोटोशॉप फोटोग्राफरचं नाव, शीर्षक, हक्क वगैरे याच पाकिटात घालतात. पीएचपी कोडची सुरुवातही त्याच दोन चिन्हांनी होते. फाइल प्रतिमा आहे की कोड याचा विचार न करता फक्त ती दोन चिन्हं शोधणारा स्कॅनर लाइटरूममधून निघालेल्या फोटोंवर बोट ठेवणारच.

यादीतले बाकीचे फोटोही उघडले. सगळे गटातल्या लाइटरूम वापरणाऱ्यांचेच, काकूंचेही त्यात. काकू लाइटरूम त्यांच्या लेकीकडून शिकल्या होत्या. मोबाइलवर काढून थेट चढवलेला एकही फोटो यादीत नव्हता. मालवेअर असं माणसं बघून शिरत नाही.

अशी गल्लत योगायोगानेही होते. पीएचपीची तीन चिन्हांची एक छोटी सुरुवात आहे, वरची दोन आणि पुढे बरोबरचं चिन्ह. कुठल्याही तीन बाइटचा एक ठरावीक क्रम विस्कळीत डेटामध्ये सरासरी 1 कोटी 67 लाख बाइटमागे, म्हणजे 16 एमबीमागे एकदा आपोआप जुळून येतो. आमचे फोटो 20 जीबीच्या आसपास. त्यात तो हजाराहून अधिक वेळा सापडला तरी नवल नाही.

आता स्कॅन अडकत का होता ते. आमची साइट वर्डप्रेसवर चालते. तिथे तुम्ही एक फोटो चढवता, पण सर्व्हरवर एकच फाइल बसत नाही. 2019 च्या 5.3 आवृत्तीपासून मोठ्या फोटोची 2560 पिक्सेलची प्रत बनते, मूळ फाइल तशीच राहते, आणि त्याशिवाय 150, 300, 768, 1024, 1536 आणि 2048 अशा मापांच्या प्रती तयार होतात. एका फोटोच्या आठ फाइल्स. थीम आपली मापं घालते ती वेगळी, आणि वेबपी बनवणारं प्लगइन लावलं असेल तर आकडा जवळपास दुप्पट. अडीच हजार फोटो म्हणता म्हणता चाळीस हजार फाइल्स होतात. एरवी वर्डफेन्स प्रतिमांच्या आत कोड शोधत बसत नाही. हाय सेन्सिटिव्हिटी लावली की प्रतिमा आणि इतर बायनरी फाइल्ससुद्धा चालवायच्या कोडसारख्या तपासायचा पर्याय सुरू होतो. म्हणजे सपोर्टने दिलेल्या सल्ल्यानेच स्कॅनरच्या गळ्यात 20 जीबीचं ओझं बांधलं गेलं.

सीपॅनेलमध्ये ‘रिसोर्स युसेज’ नावाचं पान असतं. तिथे मी स्कॅनच्या वेळचा आलेख काढला. डिस्क वाचण्या-लिहिण्याच्या वेगाची रेघ सेकंदाला 1 एमबीवर जाऊन सपाट पडली होती, स्कॅन सुरू असेपर्यंत तशीच. ही मर्यादा होस्टिंग कंपनीने आमच्या प्लॅनला घातलेली. आता साधा हिशोब करा. सेकंदाला 1 एमबी म्हणजे तीन तासांत जेमतेम साडेदहा जीबी. वीस जीबी वाचायला साडेपाच तास लागणार आणि स्कॅनची मुदत तीन तासांची. त्यांच्या मर्यादेत तो स्कॅन पूर्ण होणं शक्यच नव्हतं. हा आलेख त्यांनाही दिसत होता. तरी मला मालवेअरची भीती घातली गेली, आणि ‘तुमचा प्लॅन या कामाला अपुरा आहे’ हे सरळ वाक्य शेवटपर्यंत कुणी उच्चारलं नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी रिसोर्स युसेज बघा, बाकी सगळं नंतर. रेघ सपाट दिसली तर स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. हाय सेन्सिटिव्हिटी काढून नेहमीचा स्कॅन लावा. प्रत्येक टप्प्याचा जास्तीत जास्त वेळ 15 ते 20 सेकंदांवर आणा, म्हणजे सर्व्हर मध्येच प्रक्रिया मारायच्या आत टप्पा संपतो. लो रिसोर्स स्कॅनिंग लावलंत तर सर्व्हरवरचा ताण कमी होतो, पण स्कॅन लांबतो, म्हणून तीन तासांची मुदत वाढवायची. हे कुणी सांगत नाही. सर्व्हर लाइटस्पीडचा असेल तर तो लांब चालणारी कामं मध्येच तोडतो. ते थांबवण्यासाठी एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये ‘नोअबॉर्ट’ची ओळ घालावी लागते, ती वर्डफेन्सच्या मदत पानांवर आहे. आणि बॅकअप प्लगइनने डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये साठवलेल्या झिप फाइल्स आधी तिथून हलवा. आमच्याकडे त्याच कित्येक जीबी खाऊन बसल्या होत्या.

एक सल्ला बरेच जण देतात, अपलोड्सचं अख्खं फोल्डर स्कॅनमधून वगळा. हे अजिबात करू नका. घुसखोरांची आवडती जागा तीच आहे. वगळायचंच असेल तर फक्त जेपीजी, पीएनजी, वेबपी वगळा. आयसीओ वगळू नका, कारण आयकॉनचं सोंग घेतलेल्या फाइलमध्ये पीएचपी भरून ती दुसऱ्या फाइलमधून चालवण्याचा प्रकार चांगलाच जुना आहे. अपलोड्समध्ये पीएचपी फाइल शोधा. सापडली तर ती कुठल्या प्लगइनने ठेवली ते तपासा, आणि त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालूच नये अशी सोय करा. डब्ल्यूपी-सीएलआय हे वर्डप्रेसचं कमांड-लाइन साधन मिळत असेल तर मूळ वर्डप्रेस आणि प्लगइन्सचे चेकसम पडताळून घ्या. त्याला आमच्या त्याच प्लॅनवर काही मिनिटं पुरली, आणि एकही फाइल बदललेली निघाली नाही.

फोटोंमधून हल्ला होतच नाही असं माझं म्हणणं नाही. 2011 साली टिमथंब या फोटो लहान करणाऱ्या स्क्रिप्टमधल्या भोकातून असंख्य साइट फोडल्या गेल्या. ते भोक शोधणाऱ्या मार्क मॉन्डर यांचा स्वतःचा ब्लॉगही त्यातच गेला होता, आणि पुढे वर्डफेन्स त्यांनीच उभारलं. 2013 मध्ये सुकुरी या वेबसाइट सुरक्षा कंपनीच्या अभ्यासकांनी जेपीजीच्या एक्सिफ माहितीत दडवलेला कोड दाखवला. 2016 मध्ये इमेजमॅजिक या प्रतिमांवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली खोट उघड झाली. पण सुकुरीच्या त्या प्रकरणातही फोटो आपणहून काही करत नव्हता. त्यातला कोड वाचून चालवणारी पीएचपी सर्व्हरवर वेगळी होती. म्हणून फोटोवर संशय असेल तर त्याला चालवणारं कोण ते आधी शोधा. शंका राहिलीच तर फोटो नव्याने एक्सपोर्ट करा, माहिती काढून टाकून, आणि पुन्हा चढवा.

बाकी नेहमीचं आहेच. प्लगइन्स अद्ययावत ठेवा, न वापरलेली काढून टाका, पासवर्ड भक्कम ठेवा, दुहेरी पडताळणी लावा, बॅकअप दुसऱ्या जागी ठेवा.

हे सगळं जमवल्यावर मी कंपनीला पुन्हा लिहिलं. आलेख जोडला, एक्सपॅकेटच्या ओळी जोडल्या आणि एक प्रश्न विचारला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार वेबसाइटमध्ये घुसखोरी करून घातक कोड घालणं ही कळवण्याजोगी घटना आहे, लक्षात आल्यापासून 6 तासांत ती कळवावी लागते, आणि नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. तुमच्या मते आमच्या साइटमध्ये मालवेअर आहे, तर ही घटना कधी कळवलीत? त्या मेलला उत्तर आलं नाही. खातं बंद करण्याची ताकीद मात्र त्यानंतर पुन्हा आली नाही. माफीचा शब्दही नाही. आम्ही साइट दुसरीकडे हलवली, आणि काकूंचा एकही फोटो काढावा लागला नाही.

स्कॅन अडकलाय म्हणून तुमच्याकडे कुणी सफाईचे पैसे मागितले तर फोनवर बोलू नका, मेल लिहा. फाइलचा पूर्ण पत्ता, त्यातली संशयास्पद ओळ आणि ती कधी सापडली ती तारीख, हे तिन्ही लेखी मागा, आणि मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा.