हुआंगशान उतरल्यावर कोणती गावं पाहावीत?

प्रश्न : चीनमधला हुआंगशान पर्वत चढून उतरल्यावर एकच दिवस हाताशी आहे. जुनी गावं पाहायची तर कोणती?

उत्तर : आन्हुई प्रांतातली होंगत्सुन आणि शीदी. २००० सालापासून दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

सकाळी पायथ्याच्या थांगखौहून होंगत्सुन गाठावं. या गावाचं वैभव पाण्यात आहे! ओढ्याचं पाणी दगडी पाटांतून घरांजवळून खेळत अर्धचंद्राकृती तळ्यात येतं आणि पुढे दक्षिण सरोवराला मिळतं. पाटाच्या कडेनं चालत गेलं, की सारी रचना उलगडते.

दुपारी शीदी. वेशीवर १५७८ सालची दगडी कमान, आत व्यापाऱ्यांचे कोरीव लाकूडकामाचे वाडे. छपरांवर डोकावणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती आग पसरू नये म्हणून बांधलेल्या. घरांत आजही माणसं राहतात. विचारूनच आत जावं.