शंका-समाधान : डायलिंग रूल्समधला एक जादा शून्य

प्रश्न : मी साताऱ्याच्या एका दवाखान्यात रिपोर्ट फॅक्स करण्याचं काम करते. तिथला संगणक घरी आणून लँडलाइनला जोडला आणि पुण्याला फॅक्स लावला. तो गेला नाही, पण स्क्रीनवर ००२० ने सुरू होणारा नंबर दिसला. भाचा म्हणतो, हा इजिप्तचा कोड. कुणी संगणकात शिरलंय का? पेशंटची माहिती बाहेर गेली असेल तर? झोप उडाली आहे.

उत्तर : फॅक्स गेलाच नाही, म्हणजे रिपोर्ट कुणाच्याही हाती पडलेला नाही. भाच्याचं म्हणणं खरं आहे, पण तो नंबर तुमच्याच संगणकातल्या जुन्या सेटिंगने तयार झालेला दिसतो. दवाखान्यात ईपीएबीएक्स (इमारतीतलं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) असणार. तिथे बाहेरची लाइन घ्यायला आधी ० लावतात. तो शून्य ईपीएबीएक्सपाशीच संपतो आणि पुढे एसटीडीचा ०, पुण्याचा २० आणि नंबर एवढंच जातं. घरच्या थेट लाइनवर दोन्ही शून्यं एक्स्चेंजला पोचली. ०० म्हणजे आयएसडी आणि २० म्हणजे इजिप्त!

विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘फोन अँड मोडेम’ उघडा. ‘डायलिंग रूल्स’मध्ये ‘न्यू’ दाबून ‘घर’ नावाचं वेगळं लोकेशन करा. देश भारत, एरिया कोड २१६२. त्याआधी शून्य लावू नका, एसटीडीचा शून्य विंडोज स्वतः लावतं. बाहेरच्या लाइनसाठीच्या दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवा. दवाखान्याचं लोकेशन पुसू नका. जिथे असाल तिथलं निवडा, की झालं.

एक मात्र पाहा. बिलात तुम्ही न लावलेले परदेशी कॉल असतील किंवा मोडेम (संगणकाला टेलिफोन लाइनशी जोडणारं उपकरण) आपोआप डायल करत असेल, तर लाइन काढून ठेवा आणि टेलिफोन कंपनी व सायबर पोलीस दोघांनाही कळवा.

प्रश्न : ऑफिसच्या एक्स्टेन्शनवर मोडेम जोडला की ‘नो डायल टोन’ येतं. मोडेम जळाला का? साहेबांना काय सांगू?

उत्तर : एवढ्यावरून मोडेम जळाला असं म्हणता येत नाही. ईपीएबीएक्सचा टोन बाहेरच्या लाइनपेक्षा वेगळा असतो आणि पुष्कळ मोडेमना तो ओळखता येत नाही. मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये डायल टोनची वाट पाहण्याच्या पर्यायावरची खूण काढा. बाहेरच्या लाइनच्या चौकटीत ० नंतर स्वल्पविराम द्या. मोडेम तिथे साधारण २ सेकंद थांबतो, तेवढ्यात लाइन मिळते.

पण हे करण्याआधी एक्स्टेन्शन डिजिटल नाही ना, याची खात्री करा. तशा लाइनमुळे साधा मोडेम खरोखर बिघडू शकतो. टेबलावर ईपीएबीएक्स कंपनीचाच डिस्प्ले असलेला फोन असेल, तर मोडेमची वायर आत्ताच काढा आणि तंत्रज्ञाकडून अ‍ॅनालॉग (साध्या फोनची) लाइन मागून घ्या.

प्रश्न : संगणकावरून मोबाइल नंबर लावले की लागत नाहीत. आधी लागायचे. लाइन बंद होणार का?

उत्तर : नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी ० लावावा लागतो. जुन्या यादीतल्या दहा आकडी नंबरांआधी तो लावून घ्या.