जुन्या जीपच्या मागच्या एक्सलला डिस्क ब्रेक : बसवावे की नाही ?

गाळप हंगाम सुरू झाला की पाणंदीतून फडापर्यंत माणसे, डिझेल आणि सामान पोहोचविण्यासाठी जुन्या फोर-व्हील जीपची आठवण होते. आपल्या परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत, ओढ्या-चाऱ्यांच्या चिखलात ही गाडी जिथे जाते तिथे दुसरी रुतून बसते. अशा गाडीचे इंजिन बदलले जाते, टप बदलला जातो. ब्रेक मात्र जन्माचेच राहतात. म्हणून अलीकडे विचारणा होते की, "मागच्या एक्सलला डिस्क बसवून घेतले तर कसे ?" याचे उत्तर आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे देत आहोत.

महिंद्र कंपनीने विलीजच्या परवान्याने आपल्या देशात बांधलेल्या जुन्या सीजे-३बी जीपला चारही चाकांत ९ इंची ड्रम असत. ड्रमचा एक गुण विसरू नये. चाक फिरत असता पुढचा शू आपोआप ड्रममध्ये ओढला जातो, त्यामुळे थोड्या पायातही ब्रेक बसतो. दोष असा की ओढ्यातून गाडी गेली की पाणी आणि गाळ आत साचून राहतो आणि लायनर बुळबुळीत होतो. उतारावर सारखा ब्रेक दाबला तर ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर जातो आणि पॅडल खाली बसते. डिस्क उघडी असते, फिरताना पाणी झटकते आणि तापली तरी पॅडपासून दूर जात नाही. हे काही नवे शास्त्र नव्हे. १९०२ साली लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते आणि १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत जॅग्वार गाडीने डिस्क ब्रेकवर जिंकली.

मग मागे डिस्क बसवावी ? आमचे मत असे की, फक्त मागे बसवू नये. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात. मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा कडक झाला तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडीची शेपटी पुढे यायला बघते. रिकाम्या जीपला तर हे फारच लवकर होते. म्हणून आधी पुढचे ब्रेक सुधारावेत आणि मागचे नंतर.

त्याहूनही आधी मास्टर सिलिंडर पाहावा. जुन्या जीपला एकेरी मास्टर असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेलाच. दुहेरी मास्टर बसविला तर निदान दोन चाके तरी हाती राहतात. डिस्कवर खर्च करण्याआधी हा खर्च करावा, असे आम्ही ठामपणे सांगतो. शिवाय ड्रमच्या मास्टरमध्ये नळीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. तीच डिस्कला ठेवली तर पॅड घासत राहतात, चाक तापते आणि डिझेल जास्त जाते. डिस्कला वेगळी झडप आणि जास्त ऑइल देणारा मास्टर लागतो.

डिस्कला ड्रमसारखी आपोआप मदत मिळत नाही. म्हणून पाय जास्त लागतो आणि बूस्टर बसवावा लागतो. बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिनात तो आयता मिळतो, पण ज्यांनी जीपला डिझेल इंजिन चढविले आहे त्यांना व्हॅक्यूम पंप वेगळा लावावा लागतो. मिस्त्री हे सांगत नाही तोवर त्याच्या हाती गाडी देऊ नये.

आता एक्सलकडे वळू. या जीपच्या मागच्या एक्सलचा दांडा टोकाला निमुळता असतो आणि हब चावी व नटावर बसतो. तो पुलरनेच काढावा; घण घातला तर दांडा किंवा बेअरिंग खराब होते. हबमागची जी प्लेट शू धरते तिच्या आणि हौसिंगच्या मध्ये पातळ शिमा असतात. दांड्याचा आत-बाहेरचा खेळ त्या शिमांवर ठरतो. प्लेट काढून कॅलिपरचा ब्रॅकेट बसविला की जाडी बदलते आणि खेळही बदलतो. तो डायल गेजने मोजून शिमा पुन्हा लावाव्या लागतात. हे काम हाताच्या अंदाजाने होत नाही आणि नेमके हेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. मग महिन्याभरात बेअरिंग ओरडू लागते. ब्रॅकेट प्लेटच्याच बोल्टांवर घ्यावा, हौसिंगला वेल्डिंग करू नये, कारण उष्णतेने हौसिंग वाकते. डिस्क हबवर नीट मध्यभागी बसलेली आणि डगमग नसलेली हवी; लेथवर ती तपासून घ्यावी. कॅलिपर असा बसवावा की हवा काढण्याचा निपल वरच्या बाजूला येईल. डावा-उजवा अदलाबदल झाला की निपल खाली जातो आणि कितीही पंप केला तरी हवा निघत नाही.

हातब्रेकचे काय ? सीजे-३बी सारख्या जुन्या जीपमध्ये हातब्रेक मागच्या चाकांत नसून ट्रान्सफर केसच्या मागे असतो, म्हणून डिस्क बसविल्याने तो जात नाही. ज्या गाडीत हातब्रेक मागच्या ड्रममध्येच आहे तिथे त्याची सोय आधी करावी. कालव्याच्या चढावर उभी केलेली गाडी मागे सरकली तर मागे कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

जीपला उसाची ट्रॉली जोडणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. चारही चाकांना डिस्क लावल्या तरी ट्रॉलीचा भार जीपच्या ब्रेकवर टाकू नये. वेग दुप्पट झाला की थांबविण्याची उष्णता चौपट होते आणि ट्रॉली मागून ढकलते ती वेगळीच. उताराआधीच गिअर खाली घ्यावा. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असावा. तो नसेल तर जीपला डिस्क बसवून फार काही साधत नाही.

काम करण्यापूर्वी परभणीच्या आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घ्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल नोंदणीच्या गाडीत मनाप्रमाणे करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तेच कलम काढते.

काम झाल्यावर पहिली चाचणी रस्त्यावर करू नये. मोकळ्या रानात ताशी २० कि.मी. वेगाने ब्रेक दाबावा आणि बाजूला उभ्या माणसाने कोणती चाके आधी जाम होतात ते पाहावे. मागची आधी झाली तर मागच्या नळीत दाब कमी करणारी झडप लावावी. ब्रेक ऑइल ठरलेलेच घालावे. इंजिन ऑइल गेले तर सगळी रबरे फुगतात. दोन दिवसांनी जॉइंट ओले आहेत का ते हात लावून पाहावे, त्यानंतरच गाडी फडावर न्यावी.