द्रोणागिरीचा गाळ आणि बंदराच्या कामाचा करार

बंदराच्या बांधकामाचा करार कोणत्या पद्धतीचा असावा, हे समुद्रतळाखालच्या जमिनीबद्दल निविदेच्या वेळी किती माहिती हाती आहे यावर ठरते. उरण तालुक्यातील द्रोणागिरी ते न्हावा-शेवा पट्ट्यात वर खाडीचा मऊ, काळपट गाळ, त्याखाली मुरूम आणि मग बेसाल्ट लागतो. खडकाची पातळी शेजारच्या दोन बोअरमध्येही सारखी लागेलच असे नाही, त्यामुळे धक्क्याच्या एकाच रांगेतल्या पाइलची लांबी कमीजास्त होते.

एकरकमी करारात ही तफावत ठेकेदाराच्या माथी येते. तो एकतर बोलीतच जादा पैसे धरतो, नाहीतर काम अर्ध्यावर आल्यावर दावा ठोकतो. दोन्हीचा भुर्दंड अखेर बंदरालाच. म्हणून पाइल, भराव आणि ड्रेजिंगसाठी बाबनिहाय दराचा करार, म्हणजे महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागातला ‘बी-२’ नमुना, कितीतरी बरा.

त्यातही मोजणीची पद्धत आधी लिहून घ्यावीच लागते. गाळ आणि खडक यांचे दर वेगळे हवेत आणि खडक कशाला म्हणायचे तेही दगडाच्या ताकदीच्या आकड्याने ठरलेले हवे. काढलेला माल बार्जमध्ये मोजायचा की कामाआधीच्या आणि नंतरच्या खोलीच्या सर्वेक्षणातून, हे मोघम ठेवले की भांडण ठरलेलेच. भरतीबरोबर गाळ परत येऊन बसतो. ड्रेजर हलल्यावर लगेच सर्वेक्षण झाले नाही तर तेवढे घनमीटर कोणाच्या खाती घालायचे, यावर महिनोन्महिने पत्रव्यवहार चालतो. भरावाचेही तसेच. मऊ मातीवर मुरूम टाकला की खालची जमीन दबत जाते. मोजणी फक्त वरच्या पातळीवरून धरली, तर खाली बसलेला मुरूम बिलात येतच नाही. भरावाखाली बसवलेल्या खचमापक प्लेट्सची नोंद बिलाला जोडण्याची अट म्हणूनच महत्त्वाची.

क्रेन, वीजपुरवठा, गोदामे यांना एकरकमी ईपीसी (आराखडा, खरेदी, बांधकाम एकत्र) करार चालतो, कारण तिथली अनिश्चितता पुरवठादाराच्या आवाक्यातली असते.

संपूर्ण टर्मिनल खासगी कंपनीकडे द्यायचे, तर प्रश्न बदलतो: बंदराला वाटा किती आणि कोणत्या रूपात मिळावा. न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले आणि १९९७ साली तिथे ३० वर्षांच्या बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) करारावर खासगी कंटेनर टर्मिनल दिले गेले. चौथ्या टर्मिनलसाठी २०११ मध्ये बंदराला ५० टक्क्यांहून अधिक महसूलवाटा देण्याची बोली आली, पण करार झाला नाही. फेरनिविदेनंतर २०१४ मध्ये सुमारे ३६ टक्क्यांवर करार झाला. पहिला टप्पा सुरू व्हायला २०१८ उजाडले. सर्वांत मोठ्या आकड्याचा मोह किती महाग पडतो, ते इथे दिसते. २०१८ मध्ये केंद्राने आदर्श करारात महसूलवाट्याऐवजी प्रति टन किंवा प्रति कंटेनर रॉयल्टी आणली.

बीओटीतही सामाईक जलमार्गाची खोली आणि रस्ता-रेल्वेची जोड सहसा बंदराकडेच राहते. या दोन्हींच्या तारखा टर्मिनलच्या तारखेला करारातच बांधाव्यात आणि त्या चुकल्यास रॉयल्टी व मुदतीचे काय, हे सहीपूर्वीच ठरवावे.