बँकेच्या दारातली रांग आणि आपल्या सोसायटीचे पैसे



मागच्या पावसाळी बंदीत, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, आपल्या ग्रुपवर एक फोटो फिरला होता, आठवतोय ना? एटीएमचं अर्धं ओढलेलं शटर आणि खाली एकच ओळ, पैसे काढून घ्या लवकर. फोटो कोणी काढला, कधी काढला, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बँकेच्या पायरीवर चाळीसेक माणसं. जास्त करून बाजारात बसणाऱ्या आपल्या बायकाच, पिशवीत पासबुक घेऊन. एटीएमचं मशीन बदलायचं काम चालू होतं, एवढंच झालं होतं. मॅनेजर बाहेर येऊन तेच सांगत होते. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मॅनेजर जितकं जास्त समजावतो तितका संशय वाढतो.

अकरा वाजता कमिटी बसली. सोसायटीचे स्वतःचे पैसे त्याच बँकेत होते. डिझेल पंपाची रोजची जमा, राखीव निधी, सगळं. काढावेत की नाही? काढले तर सेक्रेटरी चेक घेऊन बँकेत शिरताना गाव बघणार, आणि चाळीसची रांग दुपारपर्यंत चारशेची होणार. नाही काढले आणि बँक खरंच गेली तर सभासद आमची गचांडी धरणार, आणि बरोबरच आहे ते. आम्ही काढले नाहीत. चार दिवसांनी एटीएम चालू झालं, विषय मिटला. पण त्या दिवशी आपण डोकं वापरून वाचलो की नशिबाने, यावर कमिटीत अजून एकमत नाही. म्हणून हा विषय जरा नीट वाचून, समजून घेऊन इथे मांडतोय.

आधी बँकेचं गणित. आपण १०० रुपये ठेवले तर बँक ते कपाटात ठेवत नाही. तीन-चार रुपये रिझर्व्ह बँकेकडे, साधारण १८ रुपये सरकारी रोख्यांसारख्या ठिकाणी, आणि उरलेल्यातले बरेचसे कर्जात. ते कर्ज म्हणजे कोणाचं घर, कोणाचा टेम्पो, आपल्यातल्याच कोणाचं इंजिन नाहीतर जाळी. शाखेत रोख असते ती रोजच्या देण्याघेण्यापुरती. नेहमी हे चालतं, कारण सगळे एकाच दिवशी पैसे मागायला येत नाहीत. पण आले, तर चांगल्यातली चांगली बँकही त्या दिवशी सगळ्यांना देऊ शकणार नाही. तुमच्या बोटीवर दिलेलं पाच वर्षांचं कर्ज ती आज दुपारी परत मागू शकत नाही ना. मग ती रोखे मिळेल त्या भावाने विकते, दुसरीकडून उसने आणते, नवीन कर्ज बंद करते. ऑगस्टमध्ये सीझन उघडताना बर्फ, डिझेल आणि खलाशांचा अ‍ॅडव्हान्स यासाठी जे पैसे लागतात, ते पहिले अडकतात.

होडीत सगळे एका बाजूला धावले की काय होतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. फक्त इथे धावणारा माणूस वेडा नसतो. बाकीचे धावताहेत हे दिसल्यावर मागे राहणं धोक्याचंच असतं. अफवा खोटी आहे हे माहीत असलेला माणूसही रांगेत उभा राहतो, कारण बाजूच्याला ते माहीत आहे की नाही याची त्याला खात्री नसते.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण जपानमधलं आहे. साल १९७३, डिसेंबर महिना. आइची प्रांतातल्या कोझाकाई नावाच्या छोट्या गावात तोयोकावा शिंकिन बँकेची शाखा होती. शिंकिन म्हणजे आपल्याकडच्या नागरी सहकारी बँकेसारखीच. ट्रेनमध्ये तीन शाळकरी मुली गप्पा मारत होत्या. एकीला शिंकिन बँकेत नोकरी लागली होती. दुसरी चेष्टेत म्हणाली, "शिंकिन बँक धोक्याची असते हं." तिला म्हणायचं होतं की बँकेवर दरोडा पडतो. पहिलीने घरी जाऊन नातेवाइकांना विचारलं, खरंच धोक्याची असते का? त्यांनी गावातल्या दुसऱ्या नातलगांना विचारलं, त्या बँकेचं कसं काय आहे? तिथून गोष्ट ब्युटी पार्लरमध्ये गेली, मग लॉण्ड्रीत. प्रश्नाचं विधान कधी झालं कोणाला कळलं नाही.

पाच दिवसांनी त्या लॉण्ड्रीत एक माणूस फोन करायला आला. फोनवर त्याने घरी सांगितलं, बँकेतून १२ लाख येन काढून आण. त्याला धंद्यासाठी पैसे हवे होते, अफवा त्याच्या कानावरही नव्हती. पण लॉण्ड्रीवालीने ऐकलं आणि तिला वाटलं, म्हणजे खरंच आहे. तिने नवऱ्याला सांगितलं, त्यांनी स्वतःचे पैसे काढले आणि ओळखीच्यांना फोन लावले. दुसऱ्या दिवशी शाखेसमोर गर्दी. तोवर गोष्टीला पंखही फुटले होते. कोणी म्हणे कर्मचाऱ्याने पैसे खाल्ले, कोणी म्हणे मोठ्या साहेबाने जीव दिला. यातलं काहीही झालं नव्हतं. शेवटी मध्यवर्ती बँकेकडून रोकड आणून लोकांना दिसेल अशी रचून ठेवावी लागली, तेव्हा गर्दी ओसरली. पोलिसांनी माग काढला तो त्या तीन मुलींपर्यंत पोचला. गुन्हेगार कोणीच नव्हता.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. त्याच वर्षी तेलाचे भाव भडकले होते, दुकानांतून टॉयलेट पेपरसुद्धा गायब होत होता. लोक आधीच घाबरलेले होते. आपल्याकडे बंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, तसेच असतात. हातात कमाई नाही, शिल्लक रोज कमी होताना दिसते. आपल्या ग्रुपवरचा फोटो जुलैमध्येच का पेटला, हे यावरून कळेल.

आता महाराष्ट्रातलं बघू. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, मुख्य कारभार मुंबईतला. सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील, असा आदेश. नंतर मर्यादा १०,०००, मग २५,००० अशी वाढत गेली. लोक शाखांसमोर रडत होते. एका बांधकाम कंपनीच्या गटाला दिलेलं प्रचंड कर्ज हजारो खोटी खाती दाखवून पुस्तकात लपवलं होतं.

याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी फिरली. रिझर्व्ह बँक नऊ बँका कायमच्या बंद करणार, म्हणे. त्यात बँक ऑफ महाराष्ट्रचं नाव होतं, देना बँकेचंही होतं. आता गंमत बघा, देना बँक १ एप्रिल २०१९ लाच बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली होती. जी बँक वेगळी उरलीच नव्हती ती बंद होणार म्हणून लोक घाबरत होते! रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबरला हे खोटं असल्याचं सांगितलं, आणि १ ऑक्टोबरला पुन्हा, सहकारी बँकांचा उल्लेख करून, अफवांवर घाबरू नका असं जाहीर केलं.

आम्हाला यातली जी गोष्ट सगळ्यात जास्त टोचते ती ही. मोबाइलवर ज्या बँकांची नावं फिरली त्या बुडाल्या नाहीत. आणि जी खरंच पोखरली होती तिच्याबद्दल आपल्यासारख्या साध्या ठेवीदाराला मेसेजने वेळेत सावध केलं नाही. निर्बंध आल्यावरच कळलं.

अफवा नेहमीच खोटी असते असंही नाही हो. मार्च २००१ मध्ये अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेसमोर रांगा लागल्या. शेअर दलाल केतन पारेखकडे बँकेचे पैसे अडकल्याची चर्चा होती आणि ती खरी निघाली. पण त्या बँकेत गुजरातमधल्या कितीतरी छोट्या सहकारी बँकांनी ठेवी ठेवल्या होत्या. त्या बिचाऱ्याही अडचणीत आल्या. म्हणजे पायरीवर उभं राहून खरी बातमी कुठली आणि खोटी कुठली हे ओळखणं तुमच्या-आमच्या हातात नाही. ताळेबंद वाचता आला तरी नाही, कारण पीएमसीचा ताळेबंदच खोटा होता. आपल्या हातात आहे ते शांत दिवसांत करायचं काम.

ते काम म्हणजे ठेव विमा. अकोल्याची लक्ष्मी बँक आणि १९६० मध्ये केरळची पालई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा देशात याची निकड पटली आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ पासून १ लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आले तरी विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायची तरतूद आहे. हप्ता बँक भरते, आपल्याला काही भरावं लागत नाही.

पण हे ५ लाख कसे मोजतात ते नीट वाचा, इथेच बोटमालक फसतात. एका बँकेतल्या सगळ्या शाखा, बचत, चालू, एफडी, मुद्दल आणि व्याज, सगळं मिळून एका माणसाला ५ लाख. पाच शाखांत पाच एफडी केल्या म्हणून पंचवीस लाख होत नाहीत. बोटीच्या धंद्याचं खातं फर्मच्या नावाने असलं पण फर्म तुमच्या एकट्याची असली, तर तेही तुमच्याच नावात मोजलं जातं. नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं आणि दोघांचं जॉइंट हे मात्र वेगवेगळे धरतात. त्याच बँकेचं कर्ज डोक्यावर असेल तर ते वळतं करून उरलेलंच हातात येऊ शकतं. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. नाव सहकारी असलं, पाटी मोठी असली, तरी नाही. व्याज एक टक्का जास्त का देतात, याचं एक उत्तर त्यात आहे.

आता आपल्या सोसायटीचं. कायद्याच्या नजरेत सोसायटी म्हणजे एक ठेवीदार. तीनशे सभासदांचे पैसे असले तरी विमा ५ लाखांचाच. पीएमसीमध्ये नेमकं हेच झालं. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. घरगुती ठेवीदारांना ५ लाखांवरची रक्कम टप्प्याटप्प्याने, मोठ्या ठेवी असतील तर दहा वर्षांपर्यंत, असं ठरलं. संस्थांच्या विम्याबाहेरच्या रकमेचा ८० टक्के हिस्सा मात्र १ टक्का लाभांशाच्या शेअर्समध्ये बदलला गेला. सोसायटीने खलाशांना काय शेअर वाटायचे?

म्हणून जुलैमधला आमचा निर्णय त्या दिवसापुरता बरोबर होता, असं आम्हाला वाटतं. चूक त्याच्या आधीची होती. सगळे पैसे एकाच बँकेत का होते? तेव्हा खातं सोयीचं होतं, शाखा बंदरापासून जवळ होती, मॅनेजर ओळखीचे होते, एवढंच उत्तर आमच्याकडे आहे. सीझन चालू झाल्यावर, कुठलीही गडबड नसताना, आम्ही राखीव निधीच्या एफडी मुदत संपेल तशा तीन बँकांत वाटायला सुरुवात केली. मुदतीआधी एकही मोडली नाही. जुलैच्या रांगेत ज्यांनी एफडी मोडल्या त्यांचं व्याज गेलं, आणि रोकड घरात ठेवल्याने रात्रीची झोपही गेली.

ग्रुपवर असा मेसेज पुन्हा आला तर पुढे पाठवण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात फोन करा. निर्बंध खरे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर बँकेच्या नावानिशी आदेश असतो. तो आम्ही उघडून बघू आणि जे दिसेल ते, वाईट असलं तरी, याच पेजवर टाकू.

येत्या मंगळवारी सकाळी दहा ते एक आपले सेक्रेटरी ऑफिसात बसणार आहेत. पासबुक, एफडीच्या पावत्या आणि बोटीच्या कर्जाचे कागद घेऊन या, कोणाच्या नावावर किती धरलं जातं ते एकत्र बसून मांडू. बाजाराच्या वेळेमुळे बायकांना सकाळी जमणार नसेल तर संध्याकाळी चारनंतरही चालेल.